मे महिन्यातला प्रोसेसर

माझा भाचा अकोल्यात जठारपेठेत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत घेतलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावर साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा ठळक छापलेला होता. मे महिन्याच्या एका दुपारी तो प्रकल्पाचा व्हिडिओ तयार करायला बसला आणि शेजारी प्रोसेसरचा वेग दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून ठेवला. पहिले काही सेकंद वेग चारच्या वर होता. मग तो तीनच्या खाली आला, मग सव्वादोनवर, आणि पुढची चाळीस मिनिटं १.९ च्या आसपास रेंगाळला. भिंतीवरचा तापमापक ४१ दाखवत होता. "मामा, मला फसवलं," तो म्हणाला. "खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्मंही पळून नाही राह्यला."

त्याला कुणी फसवलं नव्हतं. खोक्यावरचा आकडा खरा होता, पण त्याच्यामागे 'पर्यंत' हा शब्द होता. कापडाच्या दुकानाबाहेर '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहिलेलं असतं, तोच हा 'पर्यंत'. त्या शब्दात बऱ्याच अटी दडलेल्या असतात, आणि अकोल्याच्या मे महिन्यात त्यातल्या फार थोड्या पाळल्या जातात. त्या अटी लिहायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही तक्रारीची गोष्ट नाही. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात केवढी थोर कारागिरी चालली आहे, याची ती गोष्ट आहे.

आधी तो आकडा काय सांगतो ते पाहू. ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरमधले असंख्य सूक्ष्म स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, एक पाऊल पुढे टाकतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पण अशा एका ठोक्याच्या अवधीत त्याचीही मजल सात सेंटीमीटरच्या आतच संपते. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा तपासून पाहिला होता.

आता या वेगाची किंमत. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना दर वेळी थोडा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो, आणि त्यात खर्ची पडलेली वीज अखेर उष्णताच होते. पंख्याची वीज निदान वारा तरी देते. प्रोसेसर २० वॅट वीज घेतो आणि जवळपास २० वॅट उष्णता बाहेर टाकतो, कारण गणित करण्याचं काम वजन उचलण्यासारखं कुठे साठून राहत नाही. ही उष्णता ठोक्यांच्या वेगाच्या पटीत वाढते. शिवाय ती व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते, आणि खरा घोटाळा इथेच आहे. वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टरला जास्त जोराने ढकलावं लागतं, म्हणजे व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा २.२ गिगाहर्ट्झला ०.८ व्होल्ट पुरतात आणि ४.४ ला १.२ व्होल्ट लागतात. मग वेग दुप्पट झाला, पण उष्णता साडेचार पट. ढोबळमानाने वरच्या टोकाला उष्णता वेगाच्या घनाने चढते. शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो तो यामुळे.

ही उष्णता निघते केवढ्या जागेतून? घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाच वॅट. लॅपटॉपचा प्रोसेसर तीसेक वॅट घेत असेल तर ते सगळे एक-दीड चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यातून बाहेर पडायचे असतात. म्हणजे इस्त्रीच्या चार ते सहा पट दाट उष्णता. आणि हा तुकडा कळफलकाच्या खाली, आपल्या बोटांपासून काही मिलिमीटरवर बसलेला असतो.

पूर्वी ही अडचण इतकी टोकाची नव्हती. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करत गेलो, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं जग या नियमावर चाललं. दर दोन-तीन वर्षांनी वेग वाढायचा आणि खोक्यावर एकच आकडा असायचा. तो आकडा म्हणजेच वेग, उन्हाळा असो की हिवाळा. २००४ च्या सुमारास ही चाल अडली. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी खाली आणता येईना. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर केला होता, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला. त्यानंतर एकाच कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या एकाच भागाला, पळवण्याऐवजी दोन, चार, आठ कोअर एकत्र बसवायचा रस्ता धरला गेला.

पण आठ कोअर असले तरी सगळी कामं आठ जणांत वाटता येत नाहीत. एकट्याने करायचं काम आलं की सात बसून राहतात आणि एकच राबतो. बसलेल्या सातांच्या वाट्याची वीज त्या एकाला दिली तर तो जास्त पळेल, ही टर्बो बूस्टची कल्पना. इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ मध्ये ती नोव्हेंबर २००८ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी लॅपटॉपमध्ये उतरली. त्या वेळच्या आय७-७२०क्यूएम या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ आणि टर्बोचा २.८ गिगाहर्ट्झ होता. तिथून पुढे प्रत्येक प्रोसेसरला दोन आकडे आले: एक हमीचा, एक उमेदीचा. खोक्यावर ठळक छापला जातो तो उमेदीचा. मला हे पटत नाही. दोन्ही आकडे सारख्याच टाइपात छापायला हवेत.

एक नमुना घेऊ. कोअर आय५-१२३५यू हा २०२२ साली आलेला, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये खूप खपलेला प्रोसेसर. त्याचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. आत दहा कोअर, पण ४.४ ला जाऊ शकतात ते फक्त दोन मोठे. आठ लहान कोअरची कमाल ३.३ आहे. मोठ्या कोअरचा मूळ वेग अवघा १.३. विजेचं अंदाजपत्रक दीर्घकाळासाठी १५ वॅट आणि थोड्या वेळासाठी जास्तीत जास्त ५५ वॅट. म्हणजे ४.४ हा आकडा एखाद्या कोअरचा, थोड्या वेळाचा, भरपूर वीज आणि भरपूर गारवा असतानाचा. दहाही कोअर कामाला जुंपले आणि अंदाजपत्रक १५ वॅटवर आलं की वेग दोनच्या आसपास येणं हा बिघाड नाही. ती त्याची रोजची चाल.

'थोडा वेळ' म्हणजे किती, हे अकोलेकरांना वेगळं समजावून सांगायला नको. महानच्या धरणातून काटेपूर्णेचं पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या या शहरात प्रत्येक गच्चीवर टाकी आहे. टाकी भरलेली असली की नळ पूर्ण सोडता येतो. ती आटली की खालून जेवढी धार येते तेवढ्यावरच भागवावं लागतं. प्रोसेसरमध्येही अशीच एक हिशेबाची टाकी असते. तो निवांत असतो तेव्हा ती भरते. काम आलं की सुरुवातीला तो मोठी धार सोडतो, दीर्घकाळच्या मर्यादेच्या दोन-तीन पट वीज खातो. गेल्या काही सेकंदांची सरासरी मर्यादेला टेकली की धार बारीक होते. ही मुदत अनेक लॅपटॉपमध्ये २८ सेकंदांच्या आसपास ठेवलेली असते. कंपनी आपल्या बांधणीप्रमाणे ती कमी-जास्त करते, म्हणूनच एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप वेगवेगळे धावतात. वेबपान उघडणं, फाइल शोधणं ही कामं सेकंदा-दोन सेकंदांत आटोपतात, त्यांना टाकी पुरून उरते. व्हिडिओचं काम चाळीस मिनिटांचं असतं. भाच्याने पाहिलेले पहिले काही सेकंद म्हणजे ही टाकी होती.

पण टाकी आटल्यावर वेग सव्वादोनवर थांबायला हवा होता. तो १.९ ला का गेला? तिथे आणखी एक गोष्ट आडवी आली: खोली.

प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते, हीट पाइप. बाहेरून ती भरीव पट्टी वाटते, पण आत पोकळ असते. हवा काढून टाकून तिच्यात थोडंसं पाणी सोडलेलं असतं. प्रोसेसरच्या टोकाला ते पाणी उष्णता शोषून वाफ होतं, वाफ पंख्याकडच्या गार टोकाला धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी झिरपत परत येतं. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली. माठ, वाळ्याचे पडदे आणि कूलर यांच्या आधारावर उन्हाळा काढणाऱ्या वऱ्हाडाला हे तत्त्व नवं नाही. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. माठातली वाफ उडून जाते, नळीतली कोंडलेली वाफ फिरून परत येते, एवढाच फरक. ज्या दिवशी हे मला समजलं त्या दिवसापासून लॅपटॉप उघडला की मला त्यात आडवा ठेवलेला चिमुकला माठ दिसतो.

नळीच्या त्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून खोलीची हवा ढकलतो. उष्णता किती वाहून जाईल हे ठरतं प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ७० अंशांचा. खोली ४२ वर असेल तर फरक ५३ उरतो. प्रोसेसर १०० च्या जवळपास अडवलेला आहे, वर सरकू शकत नाही. खालची पायरी मात्र उन्हाने सतरा अंशांनी वर आणून ठेवली. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, आणि बाहेर जाणारी उष्णता पंचाहत्तर टक्क्यांवर. थंड खोलीत जी यंत्रणा २८ वॅट फेकत होती ती आता २१ फेकते.

आता वरचा घनाचा हिशेब आठवा. उष्णता पंचवीस टक्क्यांनी कमी करायची तर वेग सुमारे नऊ टक्क्यांनीच कमी करावा लागतो. वेगाचे वरचे नऊ टक्के एवढी उष्णता खातात, म्हणून ते सोडले की एवढा दिलासा मिळतो. भर मे महिन्यातला अकोला आणि वातानुकूलित खोली यांतला फरक स्वच्छ लॅपटॉपसाठी एवढाच असायला हवा. माझ्या मते ही लॅपटॉप बांधणाऱ्यांची मोठी कर्तबगारी आहे, आणि तिचं पुरेसं कौतुक होत नाही.

भाच्याचा लॅपटॉप मात्र त्याहून जास्त अडखळत होता. गोरक्षण रोडवर एक दुरुस्तीवाले बसतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, पंखा सोडवला आणि पत्र्यांच्या जाळीकडे बोट दाखवलं. तिथे राखाडी लोकरीच्या कापडासारखा एक थर बसला होता. त्यांनी चिमट्याने तो उचलला तर गादीच्या कोपऱ्यासारखा अखंड निघाला. "हे पाहा भाऊ, रुई भरून राह्यली," ते म्हणाले. "मशीनचं काही बिघडलं नाही. श्वास कोंडून राह्यला होता तिचा."

थर बोटात चुरडून पाहिला. काळ्या मातीची भुकटी आणि त्यात गुंतलेले बारीक पांढरे तंतू. कापूस ही या जिल्ह्याची ओळख. हंगामात वेचलेल्या कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि सुटे तंतू हवेत तरंगत राहतात. घरातल्या गाद्या, उशा, चादरी यांचे तंतू वेगळेच. नुसती धूळ जाळीतून बरीचशी उडून जाते. तंतू आडवे अडकतात, मग त्यांच्यावर माती बसते. माझा भाचा लॅपटॉप गादीवर ठेवून काम करतो, म्हणजे पोटाखालची हवेची वाट झाकून तो गादीचीच रुई आत ओढत होता. हवा निम्मी झाली तर २१ वॅटचे साडेदहा होतात, आणि मग वेगाची घसरण नऊ टक्क्यांवर थांबत नाही, पाव हिश्शाच्या पुढे जाते. दुरुस्तीवाल्यांनी जाळी ब्लोअरने साफ केली, प्रोसेसरची उष्णता नळीकडे पोचवणारी, पण वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. सगळं काम पाऊण तासाचं.

वेग कमी करणं हा प्रोसेसरचा दोष मानू नये, यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे, उचलून काय होतं त्याचं चित्रीकरण केलं. त्या वेळच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून काही क्षणांत धूर निघाला. पेंटियम ४ मंदावला, रांगू लागला, आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पळू लागला. आजचे सगळेच प्रोसेसर स्वतःला असं वाचवतात. त्यांच्या आत ठिकठिकाणी तापमापक कोरलेले असतात आणि वेगाचा निर्णय सेकंदाला शेकडो वेळा नव्याने होतो.

माणसांनाही असं करावं लागतं. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेमुळे कलम १४४ लागू केलं होतं. आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि पंखे ठेवावेत, खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलाव्यात, असं त्यात होतं. दुपारचा वेग उतरवायचा आणि दिवस निभवायचा.

उष्णतेखेरीज आणखी अटी आहेत, त्या थोडक्यात. लॅपटॉप मांडीवर घेतला जातो, त्यामुळे बाहेरचं आवरण चटका देण्याइतकं तापू नये म्हणूनही प्रोसेसरला आवर घातला जातो, आतून तो सुरक्षित असला तरी. बॅटरीवर चालताना अनेक लॅपटॉप टर्बो आखडता घेतात. मूळ चार्जर हरवून कमी वॅटचा लावला तर तेच होतं, आणि कित्येकांच्या हे लक्षातही येत नाही. काही मोठ्या प्रोसेसरमध्ये शेवटची पायरी ठरावीक तापमानाच्या खालीच उघडते. डेस्कटॉपच्या कोअर आय९-१०९००के चा ५.३ गिगाहर्ट्झ हा आकडा प्रोसेसर ७० अंशांच्या आत असतानाचा आहे.

कधी कधी मात्र चूक खरोखरच बनवणाऱ्याची असते, आणि तेव्हा ग्राहकाने गप्प बसू नये. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुक प्रोमधला आय९ प्रोसेसर ४.८ तर सोडाच, २.९ या आपल्या मूळ वेगाच्याही खाली येतो, हे एका समीक्षकाने दाखवलं. काही दिवसांतच कंपनीने कबूल केलं की उष्णता सांभाळणाऱ्या आतल्या प्रणालीत एक डिजिटल किल्ली राहून गेली होती. माफी मागून सुधारणा दिली गेली. पुढच्या वर्षी एएमडीचे रायझन ३००० डेस्कटॉप प्रोसेसर छापील वेग गाठत नाहीत, अशी ओरड झाली. जर्मनीतल्या एका तंत्रज्ञाने दोन हजारांहून अधिक वापरकर्त्यांकडून आकडे गोळा केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने दुरुस्ती काढली. तिने वेग वाढला तो २५ ते ५० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. तेवढ्यासाठी हजारो लोकांनी मोजमाप केलं याचं मला समाधान वाटतं. छापलेला आकडा पाळला गेलाच पाहिजे, मग तो एका कोअरचा आणि एका क्षणाचा का असेना.

म्हणून लॅपटॉप घ्यायला गेलात तर गिगाहर्ट्झ विचारू नका. हा प्रोसेसर अर्धा तास सलग किती वॅटवर चालतो, ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर त्या मॉडेलच्या परीक्षणांत शोधा. पंखे एक की दोन, हवेची वाट पोटाखाली आहे की बाजूला, झाकण साध्या पेचकसाने उघडतं की नाही, हे हाताने पाहून घ्या. घरी आल्यावर तो टणक पाटावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरची हवा त्याला मानवते, कारण बाहेर ४३ असताना चांगला भिजलेला कूलर तिशीच्या आसपासची हवा देतो. फक्त झोताच्या तोंडाशी, तुषार येतील असा ठेवू नका. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा हा गुण जातो, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

साफसफाई झाल्यानंतर भाच्याने तेच काम पुन्हा लावलं. या वेळी पहाटे साडेपाचला, गच्चीत, लाकडी स्टुलावर. वेग चारच्या वर चढला, अर्ध्या मिनिटाने उतरला आणि २.५ वर येऊन थांबला. तिथून तो हलला नाही. सातला ऊन कठड्यावर आलं, आठला स्टुलापर्यंत पोचलं. भाच्याने लॅपटॉप सावलीत ओढला आणि मला आकडा पाठवला: २.४.